जुन्या गाडीत नवी गॅजेट्स: वय सगळे मोजतात, वायर कोण तपासतं?

ऑक्टोबर २०२५ मध्ये आमच्या घरी एक छोटी बैठक झाली. विषय एकच: बाबांची मारुती ८०० ठेवायची की भंगारात द्यायची? गाडी २००५ ची. २०२० मध्ये पंधरा वर्षं झाली तेव्हा पासिंग करून पाच वर्षं वाढवून घेतली होती, ती मुदतही संपत आली होती. त्यात ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने वीस वर्षांपेक्षा जुन्या कारच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ५,००० वरून १०,००० रुपये केली. पर्यावरण कर वेगळाच. आई म्हणाली, "दहा हजार भरून डबा कशाला सांभाळायचा?" बाबांचं ठरलेलं उत्तर होतं, "इंजिन एक नंबर आहे."

दोघांचंही खरं होतं. पण मूळ प्रश्न त्या बैठकीत कुणीच विचारला नाही. तो त्याच आठवड्यात खंबाटकी घाटात समोर आला.

पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. रात्र झाली होती, पाऊस चालू होता. फॉग लॅम्प लावलेले, स्टिरिओ चालू, काचेवर डॅशकॅम, आणि माझा फोन ६५ वॅटच्या चार्जरवर मॅप दाखवत होता. अर्धा घाट चढलो आणि प्लॅस्टिक जळल्याचा वास आला. बाबांनी गाडी कडेला घेतली, मी बॉनेट उघडून दहा नंबरच्या पान्याने बॅटरीचा निगेटिव्ह काढला. ज्वाळा नव्हत्या, धूरही फारसा नव्हता. पण डॅशबोर्डखाली हात घातला तर वायरचा एक झुपका चटका बसेल इतका तापला होता. जादा वस्तूंचा फ्यूज काढून टाकला, पुन्हा बॅटरी जोडली आणि फक्त हेडलाइट-वायपरवर हळूहळू साताऱ्याला पोहोचलो.

दुसऱ्या दिवशी वायरमन काकांनी डॅशबोर्ड उघडला. कंपनीची मूळ वायरिंग वीस वर्षांनंतरही ठीकठाक होती. घोळ होता तो नंतर केलेल्या कामात. स्टिरिओसाठी ओढलेल्या एकाच बारीक वायरला फॉग लॅम्प, चार्जरचं सॉकेट आणि डॅशकॅम असे तिघे जोडले होते. पीळ देऊन वर चिकटपट्टी. तिचा गोंद वितळून वायरवर ओघळला होता. आणि जिथे १५ अँपिअरचा निळा फ्यूज हवा, तिथे ३० चा हिरवा बसवलेला. आधीचा सारखा उडत असणार, म्हणून कुणीतरी मोठा टाकून "प्रॉब्लेम सोडवला".

स्टिरिओ आणि लॅम्प दोन वेगवेगळ्या दुकानांत बसवले होते. दुकानदारांना शिव्या देणं सोपं होतं, पण शेवटचा जोड माझाच होता. डॅशकॅम मी स्वतः व्हिडिओ बघून बसवला होता. लाइट लागला, रेकॉर्डिंग सुरू झालं, म्हणजे काम झालं असं मी धरून चाललो.

बातम्यांत फक्त वर्षं मोजली जातात

गेल्या वर्षभरात जुन्या गाड्यांवर किती चर्चा झाली बघा. १ जुलै २०२५ पासून दिल्लीत दहा वर्षांपुढच्या डिझेल आणि पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांना पंपावर इंधन द्यायचं नाही असा नियम आला. लोक चिडले आणि काही दिवसांतच तो थांबवावा लागला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयामुळे गाडीवर कारवाई नको असं सांगितलं. डिसेंबरमध्ये हे संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतं ठेवलं. या वादाचं मूळ दिल्लीची हवा आहे, त्यामुळे तिथे धुराचा विचार होणं बरोबरच आहे.

पण या सगळ्या गोंधळात आपल्याही डोक्यात एक समीकरण पक्कं झालं: जुनी म्हणजे धोकादायक, नवी म्हणजे सुरक्षित. धुराच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरं असेल. विजेच्या बाबतीत तसं नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ ला जैसलमेर-जोधपूर रस्त्यावर एका खाजगी स्लीपर बसला आग लागली आणि वीसपेक्षा जास्त माणसं गेली. ती बस खटारा नव्हती, नवीकोरी होती. प्राथमिक संशय शॉर्टसर्किटवर गेला, आणि बसमध्ये नंतर केलेल्या बदलांवरही प्रश्न उभे राहिले. आमच्या ८०० ची आणि त्या बसची तुलना करायची नाही, ती दुर्घटना फार मोठी आहे. मुद्दा एवढाच की गाडीत नंतर कुणी, काय आणि कसं जोडलं हा प्रश्न गाडीच्या वयाइतकाच महत्त्वाचा आहे. आणि आता फी दुप्पट भरून जे लोक गाड्या ठेवणार आहेत, त्यांच्या गाड्यांत हाच प्रश्न जास्त येणार. वीस वर्षांपूर्वीच्या गाडीत फोन चार्जर, डॅशकॅम, मोठा अँड्रॉइड स्टिरिओ, रिव्हर्स कॅमेरा हे काहीच गृहीत धरलेलं नव्हतं.

फोनची केबल हुशार, गाडीची वायर मुकी

तुमच्या टाइप-सी चार्जरचं उदाहरण घ्या. फोन लावला की चार्जर आणि फोन आधी एकमेकांशी बोलतात: किती व्होल्ट हवेत, किती अँपिअर देऊ? ३ अँपिअरपेक्षा जास्त करंट न्यायचा असेल तर केबलच्या टोकात एक चिप असावी लागते. ती सांगते, "मी ५ अँपिअर झेलू शकते." चिप नसेल तर चार्जर ३ च्या वर जात नाही. म्हणून साध्या केबलवर चार्जिंग हळू होतं, पण केबल जळत नाही.

गाडीच्या तांब्याच्या वायरमध्ये अशी चिप नाही. तिच्याकडून २० अँपिअर मागितले तर ती २० देते, आणि देता देता तापते. तिच्या वतीने "बस झालं" म्हणणारा एकच आहे, तो म्हणजे फ्यूज. १५ च्या जागी ३० चा फ्यूज टाकणं म्हणजे त्या एकमेव पहारेकऱ्याला झोपेची गोळी देणं.

आता आमच्या गाडीचा हिशोब करू. सूत्र शाळेतलंच: वॅट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर.

• दोन फॉग लॅम्प, प्रत्येकी ५५ वॅट: ११० ÷ १२ = सुमारे ९.२ अँपिअर
• ६५ वॅटचा चार्जर, आतल्या रूपांतरातलं नुकसान धरून: सुमारे ६ अँपिअर
• स्टिरिओ, आवाज बऱ्यापैकी मोठा: ४ ते ५ अँपिअर
• डॅशकॅम: अर्ध्या अँपिअरच्या आत

एकूण जवळपास २० अँपिअर. वायर होती एक चौरस मिलिमीटरची, म्हणजे दुकानाच्या भाषेत "वन एमएम". स्टिरिओच्या ५ अँपिअरला ती पुरेशी होती. पण वायरमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. करंट चौपट झाला की उष्णता सोळापट. ५ अँपिअरला त्या वायरच्या एका मीटरमध्ये अर्ध्या वॅटपेक्षा कमी उष्णता तयार होते, २० ला सुमारे ७ वॅट. ७ वॅटचा एलईडी बल्ब हाताला किती गरम लागतो ते आठवा, आणि तशी उष्णता डॅशबोर्डमागे कापडी टेपमध्ये गुंडाळून ठेवली आहे अशी कल्पना करा. पीळ दिलेल्या सैल जोडावर तर सगळा ताप एका ठिपक्यात गोळा होतो. आमचा वास तिथूनच आला.

म्हणजे १५ चा फ्यूज उडत होता तो बिघाड नव्हताच. तो त्याचं काम करत होता.

आधी कागद, मग वायर

काकांनी मला पहिलं काम दिलं ते पक्कड किंवा टेपचं नाही, वहीचं. "काय काय लावणार आहेस ते आधी लिही." मी लिहिलेला आराखडा असा होता, तुम्हीही याच क्रमाने जा.

१. यादी करा. प्रत्येक वस्तूचे वॅट किंवा अँपिअर तिच्या लेबलवर असतात. पुढे तीन रकाने करा: ही वस्तू कायम चालू हवी, चावी फिरवल्यावर हवी, की वेगळ्या बटणावर? स्टिरिओच्या मागे साधारणपणे पिवळी वायर कायमच्या पुरवठ्याची, लाल चावीवरची आणि काळी अर्थची असते. गाडीच्या स्वतःच्या वायरींचे रंग मात्र कंपनीगणिक बदलतात, तिथे रंगावर विश्वास ठेवू नका, मल्टीमीटर लावा. अल्टरनेटर किती अँपिअर देतो हेही बघा. गाडीची मूळ गरज भागवून जे उरतं, तेवढंच तुमचं बजेट.

२. जड वस्तूंना वेगळा रस्ता द्या. चार्जर, लॅम्प, अँप्लिफायर यांना जुन्या वायरवर टांगायचं नाही. बॅटरीपासून एक जाड वायर केबिनमध्ये आणायची, तिथे छोटा फ्यूज बॉक्स बसवायचा आणि प्रत्येक वस्तूला स्वतंत्र फ्यूज द्यायचा. घरात मीटरपासून बोर्डापर्यंत एक जाड वायर आणि मग खोलीवार फाटे, तसंच.

३. जाडी मोजून घ्या. समजा १० अँपिअर तीन मीटर न्यायचे आहेत. अर्धा एमएमच्या वायरमध्ये जवळपास १ व्होल्ट वाटेतच जातो आणि १० वॅट उष्णता होते. अडीच एमएमची घेतली तर ०.२ व्होल्ट आणि २ वॅट. दिवे मंद लागतात, चार्जर मधेच बंद होतो, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. वायर तांब्याचीच आणि अनेक तारांची घ्या. स्वस्त किटमध्ये वरून तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर येते, ती तेवढ्याच जाडीत कमी करंट नेते. नखाने खरवडा, आत पांढरी दिसली तर परत करा. घराच्या फिटिंगची वायरही नको. साध्या पीव्हीसीची मर्यादा ७० अंश असते, गाडीसाठी बनलेली वायर ८५, १०० किंवा त्याहून जास्त अंश सोसते. इंजिनजवळ तो फरक जाणवतो.

४. फ्यूज वायरसाठी असतो, वस्तूसाठी नाही. वायर जितकं झेलते त्यापेक्षा फ्यूज लहान हवा. आणि तो बॅटरीजवळ हवा, शक्यतो एका वितीच्या आत. फ्यूज वायरच्या दुसऱ्या टोकाला असेल आणि मधेच वायर पत्र्याला घासून उघडी पडली, तर बॅटरी आणि पत्रा यांच्या मध्ये अडवणारं काहीच उरत नाही. रंग लक्षात ठेवा: १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. तुमच्या फ्यूज बॉक्सच्या झाकणावर लिहिलेला आकडा आणि आत बसलेला रंग जुळतो का, हे बघायला दोन मिनिटं लागतात.

५. लॅम्पला रिले लावा. साताऱ्याकडे विहिरीवरच्या मोटरला स्टार्टर असतो ना, आपण दाबतो ते छोटं बटण, मोठा करंट आत दुसरीकडून जातो. रिले म्हणजे गाडीतला तोच प्रकार. डॅशबोर्डवरच्या बटणातून अगदी थोडा करंट जातो, लॅम्पचे ९ अँपिअर बॅटरीपासून फ्यूजमार्गे थेट रिलेतून जातात. बटण तापत नाही, केबिनमध्ये जाड वायरींचं जंजाळही येत नाही.

वायर कुठून न्यायची?

माझ्या डोक्यात होतं की सगळ्यात जवळचा रस्ता सगळ्यात चांगला. तसं नाही. सगळ्यात चांगला रस्ता म्हणजे कंपनीने आधीच वापरलेला. मूळ वायरिंगचा जाडजूड झुपका जिथून जातो तिथे गरम, धारदार आणि फिरणारं काही नसतं, हा विचार इंजिनिअरने आधीच केलेला असतो. त्याच्या सोबतीने जा.

इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला फायरवॉल म्हणतात. मोबाइलवाली नाही, खरी आग अडवणारी! त्यात वायर जायला भोकं असतात आणि प्रत्येकात रबरी ग्रोमेट. नवी वायर त्या ग्रोमेटमधूनच न्या. नवं भोक पाडावंच लागलं तर ग्रोमेट बसवल्याशिवाय वायर घालू नका. गाडी सतत थरथरत असते, पत्र्याची कड वायरच्या आवरणाला महिनोन् महिने करवतीसारखी घासते.

इंजिनच्या बाजूला वायर नळीदार स्लीव्हमध्ये घाला, सायलेन्सरच्या पाइपापासून लांब ठेवा, ठरावीक अंतरावर क्लिपने बांधा. केबिनमध्ये पेडल आणि स्टिअरिंगच्या दांड्याजवळ लोंबती वायर अजिबात नको. ब्रेक मारताना पाय अडकला तर विषय संपला. मागच्या कॅमेऱ्याची केबल दरवाजाच्या उंबरठ्यावरच्या पट्टीखालून जाते. ती आणि स्पीकरच्या सिग्नलची वायर जाड पुरवठ्याच्या वायरपासून दुसऱ्या बाजूने नेली, तर गाण्यात इंजिनबरोबर चढणारी कुईंऽऽ शिट्टी येत नाही.

अर्थ हा बहुतेक सगळ्यांचा आळसाचा विषय. करंट जितका जातो तितकाच परत यावा लागतो, त्यामुळे काळी वायरही तेवढीच जाड हवी. पत्र्यावरचा रंग आणि गंज घासून चकचकीत करा, थिंबल लावून बोल्ट आवळा, वरून थोडं ग्रीस लावा. जोडांनाही योग्य मापाचं थिंबल, चांगल्या पक्कडीने दाबलेलं, वर हीट श्रिंक. नुसता पीळ आणि चिकटपट्टी हा तात्पुरता उपायसुद्धा नाही.

दोन गोष्टींना मात्र हात लावू नका. एअरबॅग असलेल्या गाड्यांत पिवळ्या आवरणाच्या वायरी आणि कनेक्टर असतात, ते एअरबॅगचे. आणि डॅशकॅमची वायर काचेच्या बाजूच्या खांबातून नेताना तिथे पडदा एअरबॅग आहे का ते आधी विचारा. खात्री नसेल तर तेवढं काम माहीतगाराकडून करून घ्या.

उभ्या गाडीचा छोटा चोर

पार्किंग मोड चालू ठेवलेला डॅशकॅम समजा पाव अँपिअर घेतो. ऐकायला काहीच नाही. पण चोवीस तासांत ६ अँपिअर-तास झाले. लहान कारची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत अर्धी! मग सोमवारी सकाळी गाडी "टक्" करून गप्प बसते आणि आपण बॅटरीला दोष देतो. डॅशकॅमसाठी असं किट घ्या जे १२ व्होल्टच्या आसपास आल्यावर पुरवठा स्वतः तोडतं. गाडी काही तास उभी राहिल्यावर मीटरने बॅटरी तपासा: १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी.

मग दहा हजार भरले का?

भरले. नूतनीकरणासाठी गाडी नेली तेव्हा दिवे, हॉर्न, वायपर, ब्रेक बघितले गेले, पीयूसी होतंच. डॅशबोर्डमागे कुणी पाहिलं नाही. राग नाही, रांगेतल्या प्रत्येक गाडीचा डॅशबोर्ड कुणी उघडणार नाही. पण घाटातल्या त्या रात्रीच्या आदल्या दिवशी नेली असती, तरी गाडी पासच झाली असती, कारण दिवे तेव्हाही छान लागत होते. दिवा लागतो यावरून वायर बरी आहे हे सिद्ध होत नाही.

माझं मत असं की वीस वर्षांच्या गाडीची फी दुप्पट करताना सोबत एक साधी अट घालता आली असती: फ्यूज बॉक्सचं झाकण उघडा, झाकणावरचे आकडे आणि आतले फ्यूज जुळवा, बॅटरीला जोडलेल्या प्रत्येक जादा वायरीला फ्यूज आहे का बघा. यासाठी मशीन लागत नाही, पाच मिनिटं आणि एक टॉर्च पुरते. गॅजेट विकणाऱ्यांनीही खोक्यावर वॅटबरोबर किती जाडीची वायर आणि कितीचा फ्यूज हवा हे मराठीत छापायला काय हरकत आहे?

ते होईल तेव्हा होईल. सेकंड हँड गाडी घेणार असाल, तर टायर आणि किलोमीटरच्या आधी मोबाइलचा टॉर्च लावून फ्यूज बॉक्स बघा. बॅटरीच्या टोकाला किती जादा वायरी लटकतात ते मोजा आणि फोटो काढा. घरची गाडी असेल तर येत्या रविवारी हेच करा.

आमच्या ८०० मध्ये आता फॉग लॅम्पला रिले आहे, चार्जरला स्वतःचा फ्यूज आहे, डॅशकॅम चावीवर चालतो. प्रत्येक वायरीला चिठ्ठी लावली आहे आणि वहीतला आराखडा आरसीच्या झेरॉक्ससोबत डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला आहे. पुढच्या महिन्यात ताई या गाडीवर ड्रायव्हिंग शिकणार आहे. आईने एकच अट घातली: पहिल्या दिवशी तिला आधी फ्यूज कुठे आहे ते दाखवायचं, मग क्लच.